पंप केल्यावरच गिअर पडतो. गिअरबॉक्स उतरवायचा का?

तुमची गाडी २०१२ ची डिझेल इनोव्हा. सकाळी क्लच दाबला की पेडल थेट खाली बसतं, दोन-तीनदा पंप केलं की गिअर पडतो, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवून अख्खा क्लच सेट टाकू. टाकावा का, हा तुमचा प्रश्न.

आत्ता नको. पंप केल्यावर गिअर पडतो ना, तिथंच अर्धं निदान झालं. क्लच प्लेट झिजली की चढावर आरपीएम वाढतो पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. पेडल कितीही मारलं तरी झिजलेली प्लेट भरून येत नाही. तुमचा क्लच घसरत नाहीये, तो नीट सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून बघा. बंद असताना अलगद पडला आणि चालू असताना करकरला, तर क्लच सुटत नाही हे पक्कं.

मारुती ८०० सारखी इथं केबल नाही, पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबानं क्लचपर्यंत पोचतो. पेडलजवळ मास्टर सिलिंडर, तिथून पाइप, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरून बसवलेला स्लेव्ह सिलिंडर. पंप करताना मास्टर टाकीतून दर वेळी थोडं जास्तीचं ऑइल ओढतो, म्हणून तेवढ्यापुरता दाब तयार होतो.

आधी ऑइलची पातळी बघा. ती उतरत असेल तर गळती शोधायची. ड्रायव्हरच्या पायाशी टॉर्च घेऊन वाका आणि पेडलचा रॉड मास्टरमध्ये शिरतो तिथं बोट फिरवा. बोट ओलं झालं, खालचा रंग फुगून सुटलेला दिसला, की मास्टर गेला. मग खालून स्लेव्हचं रबरी बूट जरा उचला. निरोगी स्लेव्हच्या बुटात धूळ असते. गेलेल्याच्या बुटातून काळपट, बुळबुळीत ऑइल ओघळतं. (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.)

पातळी तशीच असेल तर प्रकरण जास्त फसवं. स्लेव्ह गळला तर बाहेर गळतो. मास्टर मात्र एक थेंबही न सांडता आतल्या आत दगा देतो: सील झिजतं आणि दाबलेलं ऑइल परत टाकीकडे निसटतं. सपाट मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा. क्लच तसाच दाबून धरलेला असताना गाडी हळूहळू पुढं ओढू लागली, तर माझा पहिला संशय मास्टरवर. तसं झालं नाही, पण पेडल स्पंजी लागतंय, तर लाइनमध्ये हवा आहे.

दुरुस्तीत लोक पूर्ण सिलिंडरऐवजी किट, म्हणजे नुसती नवी रबरी सील, टाकून पैसे वाचवतात. किट टाकायला हरकत नाही, पण सिलिंडर उघडल्यावर आतून नखानं तपासा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, कोकणातल्या गाड्यांत तर विचारू नका, आणि त्या पाण्यानं आतली भिंत खड्डे पडून खराब होते. नख अडकलं तर नवं सील तिथं घासून पुन्हा जाणार. पूर्ण सिलिंडरच बदला. धुवायला पेट्रोल, डिझेल अजिबात नको, रबर फुगतं. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, नव्या सीलबंद बाटलीतलं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

हवा काढताना दोन माणसं लागतात. स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी, तिचं टोक थोडं ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करून परत आवळायचा, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की नळीतली हवा परत आत. निपलला रिंग पाना लावा, फिक्स पान्यानं कडा गोल होतात. मधूनमधून टाकीत ऑइल घालत राहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

हे सगळं झाल्यावर एकाला पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा रॉड बघा. रॉड झटकन, पूर्ण बाहेर येतोय आणि तरीही गिअर करकरतोय, तर मात्र क्लचच्या आतल्या भागांचा, म्हणजे फोर्क, प्रेशर प्लेट किंवा बेअरिंगचा प्रश्न, आणि तेव्हा गॅरेजवाल्याला गिअरबॉक्स उतरवू द्या.