मालगाडीला डब्ल्यूएपी-५ इंजिन दिसलं, तर वडोदऱ्यातल्या पोरांनी फोटोसाठी एवढी धावपळ का करावी?

कारण ते मालगाडीचं इंजिनच नाही! १९९५ साली एबीबी कंपनीकडून आलेल्या या इंजिनाचं काम राजधानी-शताब्दी पळवणं, ताशी १६० किमीपर्यंत. त्याला आस (एक्सल) फक्त चार आणि वजन साधारण ७८ टन. मालगाडीचं नेहमीचं डब्ल्यूएजी-९ सहा आसांचं, १२३ टनांचं. भरलेल्या वाघिणी (मालडबे) हलवताना रुळावर पकड लागते, ती वजनातून येते. हलकं इंजिन नुसती चाकं फिरवत बसतं. म्हणून ते मालगाडीपुढे दिसलं की पोरं घरचं जेवण तसंच टाकून पळतात. (मीही पळालोय, आईची बोलणी खाल्लीत.)

लांबून ओळखायचं तर बोगी (इंजिनाखालची चाकांची चौकट) बघा: पुढे दोन, मागे दोन चाकजोड्या. नंबर ३०००० च्या घरातला. तोंडावरून मात्र फसायला होतं.

आपल्याकडे वडोदऱ्यात इंजिनांची शेडच असल्यानं ही इंजिनं एरवी रोजची. फोटोला मला विश्वामित्रीचा फलाट आवडतो. मुंबईची लाइन तिथे ढोबळमानानं दक्षिणोत्तर, तेव्हा सकाळी पूर्वेकडून आणि चारनंतर पश्चिमेकडून उभं राहा, नाहीतर इंजिनाची नुसती काळी सावली मिळेल. फलाट तिकीट काढा. रुळावर उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड होऊ शकतो. आणि फ्लॅश अजिबात नको, लोको पायलटच्या डोळ्यांवर येतो.