लांब न मारता इनबी पार्क जिंकली कशी?

मागच्या अंकात कोरियाची गोल्फर इनबी पार्क हिची ओळख करून दिली होती. तिच्या कारकिर्दीबद्दल आणि त्या निमित्ताने आपल्याकडच्या मुलींच्या गोल्फबद्दल ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांनी बरंच विचारलं आहे. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : इनबीने 'करिअर ग्रँड स्लॅम' पूर्ण केला असं तुम्ही लिहिलंत. माझा मुलगा म्हणतो, महिलांच्या मेजर (म्हणजे सर्वांत मानाच्या) स्पर्धा पाच आहेत आणि एव्हियन मेजर तिच्या नावावर नाही. खरं काय? (घोडबंदर रोड, ठाणे)

मुलाची माहिती बरोबर आहे, आणि आमचंही चुकलेलं नाही. एव्हियनला मेजरचा दर्जा मिळाला २०१३ मध्ये. इनबीने ती स्पर्धा जिंकली २०१२ मध्ये, तेव्हा ती 'एव्हियन मास्टर्स' होती. एका वर्षाने हुकलं. एलपीजीए (अमेरिकेतली महिला व्यावसायिकांची टूर, म्हणजे स्पर्धांची मालिका) मात्र चार वेगवेगळ्या मेजर जिंकणाऱ्या खेळाडूला करिअर ग्रँड स्लॅमचा मान देते आणि त्या हिशेबाने तो इनबीकडे आहे : यूएस विमेन्स ओपन (२००८, २०१३), क्राफ्ट नाबिस्को (२०१३), एलपीजीए चॅम्पियनशिप (२०१३, २०१४ आणि नाव बदलल्यावर २०१५) आणि टर्नबेरीला झालेली विमेन्स ब्रिटिश ओपन (२०१५). एकूण सात. त्यातही २०१३ च्या पहिल्या तीन मेजर तिने लागोपाठ घेतल्या. असं त्याआधी १९५० मध्ये बेब झहारियासने केलं होतं.

हॉल ऑफ फेमचा (एलपीजीएच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा) हिशेबही याच पत्रात विचारला आहे. त्या वेळच्या नियमाने २७ गुण लागायचे : साध्या विजयाला १, मेजरला २, वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरल्यास १ आणि वर्षभराच्या सर्वांत कमी सरासरी स्कोअरबद्दलची व्हेअर ट्रॉफी मिळाल्यास १. २०१५ च्या अखेरीस इनबीचे १७ विजय होते. त्यातल्या ७ मेजरचे १४, उरलेल्या विजयांचे १०, सर्वोत्तम खेळाडूचा (२०१३) १ आणि दोन व्हेअर ट्रॉफींचे (२०१२, २०१५) २. बरोब्बर २७. शिवाय टूरवर दहा मोसम पूर्ण करण्याची अट होती, म्हणून प्रवेश मिळाला जून २०१६ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. इतक्या लहान वयात तो मान तिच्याआधी कुणालाच मिळाला नव्हता.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. खारघरच्या रेंजवर (सरावाच्या मैदानावर) तिच्याच वयाची मुलं तिच्यापेक्षा पुष्कळ लांब मारतात, म्हणून ती हिरमुसते. इनबीचा स्विंगही संथ होता म्हणतात. तो शिकवावा का? (एक पालक, खारघर)

स्विंग शिकवू नका, हिशेब शिकवा.

इनबीचा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) अगदी सावकाश जातो. मनगटं जवळजवळ मोडत नाहीत, क्लब बराच उभा वर जातो आणि चेंडूला लागण्याच्या क्षणी तिचं डोकं लक्ष्याकडे वळायला लागलेलं असतं. कोणत्याही रेंजवर दहा मिनिटं उभे राहिलात तर 'डोकं खाली, डोकं खाली' हा जप ऐकू येईल. इनबी ते करत नाही, स्वीडनची दिग्गज गोल्फर अनिका सोरेनस्टामही करत नसे. मान जबरदस्तीने खाली दाबून धरली की खांदे आणि कंबर वळायची थांबतात, मग हात एकटेच पुढे धावतात आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. तेव्हा एवढा एक धडा घ्यावा. मनगटांचं अनुकरण मात्र नको. तिची मनगटं तिच्या शरीराला साजेशी चालतात, आणि लवचीक मनगटाच्या मुलीने ती मुद्दाम ताठ ठेवली तर आहे तेवढं अंतरही जाईल.

इनबीचा ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) २५० यार्डांच्या आतबाहेर असायचा. टूरवर तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या पुष्कळ होत्या. ती भरून काढायची ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. पार ७२ च्या, म्हणजे ७२ स्ट्रोक अपेक्षित असलेल्या १८ होलच्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन 'पट' (पटरने ग्रीनवर मारलेले हलके फटके) धरलेले असतात, म्हणजे निम्मे स्ट्रोक नुसत्या पटरचे. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर अदिती अशोकचं घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्राइव्हच्या लांबीत ती तळाच्या खेळाडूंत होती, तरी चौथी आली. ब्राँझ एका स्ट्रोकने गेलं.

प्रश्न : पटिंगचा सराव फ्लॅटमध्ये होतो का? हॉल जेमतेम चौदा फुटांचा आहे. (ऐरोली)

होतो, आणि दिशेच्या सरावाला चौदा फूट भरपूर झाले.

आधी आकडे पाहू. होलचा व्यास १०८ मिमी, चेंडूचा ४२.६७. चेंडू होलकडे हळूच पोचत असेल तर त्याचा मध्य होलच्या मध्यापासून ५४ मिमीपर्यंत हुकला तरी तो पडू शकतो. पटरचं तोंड एक अंश वाकडं असेल तर तीन मीटरवर चेंडू सुमारे ५२ मिमी बाजूला जातो. म्हणजे एका अंशाची चूक तीन मीटरवर कशीबशी खपते, चार मीटरवर खपत नाही. चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः तोंडाच्या कोनावर ठरतं, हात कुठून कुठे गेले त्यावर फार कमी. मुलं याच्या उलट समजतात आणि पटर सरळ मागे-पुढे न्यायच्या नादात तोंड उघडं टाकतात.

आता सराव. दोन पेन्सिल सेल घ्या. चेंडूपुढे ३० सेंटीमीटरवर ते उभे करा, दोघांमधली मोकळी जागा बरोबर ५ सेंटीमीटर. पट्टीने मोजा, अंदाजाने नको. या दारातून चेंडू सेलला न लागता गेला तर दिशेची चूक ०.७ अंशाच्या आत आहे. धक्का लागला की सेल पडतो आणि कोणता पडला त्यावरून रोग कळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीकडून उजवा सेल पडत असेल तर तोंड उघडं राहतंय, डावा पडत असेल तर मिटतंय. वीसपैकी अठरा चेंडू नीट जायला लागले की दार ४० सेंटीमीटरवर न्या.

टाइल्सवर एक फसगत होते. दोन टाइल्समधली फट सरळ दिसते म्हणून मुलं नेमकी तिच्यावरच चेंडू ठेवतात. चेंडू फटीत बसतो आणि रुळावरून गेल्यासारखा सरळ जातो. सेल पडत नाहीत, सगळे खूश. त्यामुळे फटीपासून चार बोटं दूर ठेवा, किंवा सतरंजी ताणून अंथरा आणि टोकांवर वजन ठेवा. बाल्कनीच्या बाजूला फरशीला उतार असतो, तोही चेंडू नुसता सोडून तपासा. योगा मॅट चालत नाही, ती चेंडू धरून ठेवते.

वेगाचा सराव मात्र घरात होणार नाही. चकचकीत टाइल्स ग्रीनपेक्षा फारच निसरड्या असतात. तो कोर्सवरच करायचा : तीन, सहा आणि नऊ मीटरवरून पाळीपाळीने मारा, एकाच अंतरावरून सलग दोन नकोत. चेंडू होलच्या अलीकडे थांबू नये आणि चुकला तर वीतभर-दोन वीत पुढे थांबावा. एका होलला तीन पट लागतात त्याचं कारण बहुतेक वेळा पहिल्या पटचा वेग असतो, दिशा नसते.

प्रश्न : २००८ मध्ये १९ व्या वर्षी यूएस ओपन आणि मग चार वर्षं काहीच नाही. असं कसं? (कोपरखैरणे)

'काहीच नाही' हे एलपीजीएपुरतं खरं आहे. त्या काळात ती जपानच्या टूरवरही खेळत होती आणि तिथे जिंकत होती. पण अमेरिकेत जुलै २०१२ च्या एव्हियनपर्यंत विजय नव्हता, ही गोष्ट खरीच. वळण आलं ते नाम गी-ह्योप याच्यामुळे. तो स्वतः व्यावसायिक गोल्फर. त्याने तिचा स्विंग हातात घेतला, तिच्याबरोबर स्पर्धांना फिरला. २०१४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

पालकांनी यातून घ्यायचं ते हे : स्विंगमधला बदल आठवड्यात बसत नाही आणि तो बसेपर्यंत स्कोअर बिघडतो. नेमका त्याच वेळी कोच बदलण्याची घाई होते. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी चेंडूविना, निम्म्या वेगाने. मग अर्ध्या स्विंगने चेंडू. पूर्ण स्विंग शेवटी. मोबाइलवर व्हिडिओ काढताना फोन हातांच्या उंचीवर आणि खेळाडूच्या मागे, हातांच्या रेषेत लक्ष्याकडे तोंड करून ठेवा. फोन एखादा हात डावी-उजवीकडे सरकला की चांगला स्विंगही आतून किंवा बाहेरून आल्यासारखा दिसतो. मग नसलेला दोष दुरुस्त करण्यात महिना जातो.

प्रश्न : कोरियातूनच इतक्या मुली कशा येतात? (नेरूळ)

सुरुवात सांगायची तर जुलै १९९८. विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकवुल्फ रन कोर्सवर यूएस विमेन्स ओपनचा प्लेऑफ (बरोबरी सोडवायची जादा फेरी) चालू होता. १८ व्या होलला वीस वर्षांच्या से-री पाकचा चेंडू पाण्याच्या काठावर अडकला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि तिथून चेंडू बाहेर काढला. १८ होलनंतरही बरोबरी, मग आणखी दोन होल आणि विजय. कोरिया तेव्हा आर्थिक संकटात होता, सगळा देश टीव्हीपुढे. त्याच आठवड्यात इनबी दहा वर्षांची झाली आणि त्याच वर्षी तिने क्लब हातात घेतला. या पिढीला तिकडे 'से-री किड्स' म्हणतात. २०१६ मध्ये रिओला इनबीने सुवर्णपदक घेतलं तेव्हा संघाची प्रशिक्षक से-रीच होती.

पण नुसत्या स्फूर्तीने पंचवीस वर्षं खेळाडू निघत नाहीत. तिथे शिडी आहे. सगळ्यात खाली जम्प टूर, त्यावर ड्रीम टूर, वर केएलपीजीए, म्हणजे कोरियाची मुख्य महिला टूर. प्रत्येक पायरीवर वर्षभर पुरेल इतक्या स्पर्धा. हिवाळ्यात मैदानं गोठतात म्हणून स्क्रीन गोल्फ (आत बसवलेल्या पडद्यावर चेंडू मारायचा खेळ) गल्लोगल्ली, आणि ज्यांना परवडतं त्यांची शिबिरं उबदार देशांत.

या शिडीने वर गेलेली को जिन-यंग. आधी केएलपीजीएवर नाव कमावलं, २०१७ मध्ये इंचनला झालेली एलपीजीए स्पर्धा जिंकली आणि त्या जोरावर २०१८ पासून अमेरिकेत. इनबीची वाट वेगळी : बाराव्या वर्षी अमेरिकेत, २००२ मध्ये यूएस गर्ल्स ज्युनियर, २००६ मध्ये सतराव्या वर्षी व्यावसायिक. एलपीजीएची पात्रता फेरी अठराच्या आत खेळू देईनात, म्हणून वर्षभर खालच्या फ्युचर्स टूरवर. तिथल्या कमाईच्या यादीत तिसरी आली आणि २००७ चं कार्ड (एलपीजीएवर खेळायचा हक्क) मिळवलं. आमचं मत विचाराल तर पहिली वाट बरी. मुलगी घरी राहते आणि स्पर्धा दर आठवड्याला मिळते. आपल्याकडे अडतं ते स्पर्धांच्या संख्येवर, मुलींच्या गुणांवर नाही.

प्रश्न : को जिन-यंगचा ११४ होलचा विक्रम म्हणजे नेमकं काय? (वाशी)

२०१९ मध्ये सलग ११४ होल तिने एकही बोगी केली नाही, म्हणजे पारपेक्षा जास्त स्ट्रोक एकाही होलला लागले नाहीत. टायगर वुड्सचा आकडा ११० होता. को जिन-यंगच्या ११४ पैकी ७२ होल एकाच स्पर्धेतले, कॅनडातल्या सीपी विमेन्स ओपनचे. ती स्पर्धा तिने २६ अंडरने, म्हणजे पारपेक्षा २६ स्ट्रोक कमी घेऊन जिंकली.

प्रश्न : बाबांचे जुने क्लब कापून मुलीला दिले तर? (कळवा)

नको. कापल्यावर शाफ्ट (दांडा) आखूड होतो आणि त्यामुळे आणखी कडक होतो, क्लबचं डोकं तेवढंच जड राहतं आणि ग्रिप मुलीच्या बोटांना जाड पडते. ते पेलायला मुलगी मागे झुकते आणि चेंडू उचलून मारायला लागते. ही खोड पुढे फार चिवट ठरते. नियमाने १४ क्लब नेता येतात, सुरुवातीला पाच पुरतात : पटर, एक वेज, ७ किंवा ८ नंबरचं आयर्न, एक हायब्रिड आणि हलका ड्रायव्हर. लांबी उंचीप्रमाणे घ्या, वयाप्रमाणे नको. मोठा पैसा घालायचाच तर पटर मापाचा घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने मॅटवरच सराव होतो. मुलीचा डावा अंगठा दुखतो. चालू ठेवावं का? (माजिवडा, ठाणे)

दुखणं जाईपर्यंत मॅटवरचे पूर्ण स्विंग बंद. अंगठ्याचं दुखणं गोल्फमध्ये साधं धरू नये. इनबीचा २०१६ चा मोसम डाव्या अंगठ्यापायीच विस्कटला होता. रिओच्या आधी ती कोरियातल्या एका स्पर्धेत कटही (पहिल्या फेऱ्यांनंतरची छाटणी) पार करू शकली नव्हती. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, चोळून-मळून घेऊ नका. डावा अंगठा शाफ्टवर लांब ताणून ठेवण्याची सवय असेल तर तो थोडा मागे ओढायला सांगा, टोकावरचा ताण कमी होतो.

मॅटचा दुसरा तोटा असा की ती चूक लपवते. क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागला तरी मॅटवरून घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका ऑक्टोबरात गवतावर फसतो. दुखणं थांबल्यावर चेंडूच्या मागे १० सेंटीमीटरवर पंच्याची घडी ठेवून मारायला लावा. घडी हलली तर क्लब आधी टेकतोय. दमट हवेत ग्रिप घामाने बुळबुळीत होते आणि मुलं ती आवळून धरतात, अंगठ्यावर तोही भार येतो. दर आठवड्याला ग्रिप साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडी करून ठेवा. आणि हातमोजे दोन ठेवा, एक वाळत असताना दुसरा.