साध्या ब्रामध्ये आणि पोहण्याच्या पोशाखात कृत्रिम स्तनासाठी खिसा कसा शिवावा?

ताई, तुम्ही विचारले आहे की शस्त्रक्रियेत डावा स्तन काढल्यानंतर सिलिकॉनचा कृत्रिम स्तन तर घेतला, पण त्यासाठीची खिशाची ब्रा मनासारखी मिळत नाही आणि मिळते ती परवडत नाही. तेव्हा घरातल्या साध्या ब्रा वापरता येतील का, आणि पुन्हा पोहायला जायचे असेल तर पोशाखाचे काय करावे. दोन्ही गोष्टी होतात. माझी उजवी बाजू काढून नऊ वर्षे झाली, उपचार नागपुरातच झाले, आणि या नऊ वर्षांत खिशाची तयार ब्रा मी दोनदाच विकत घेतली आहे. बाकी सगळ्या सीताबर्डीच्या साध्या दुकानातून आणून घरी बदललेल्या आहेत.

माझे पहिले चार-पाच महिने एका गैरसमजात गेले, म्हणून तोच आधी सांगते. खिसा घट्ट आणि पक्का शिवला की काम झाले, असे मला वाटत असे. पुतणीच्या लग्नात मामेसासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि सिलिकॉन खिशासकट पुढे लोंबले. उठताना पदर सावरण्याच्या निमित्ताने मी हात छातीशीच धरून उभी राहिले. घरी येऊन पाहिले तर खिशाची एकही टीप उसवलेली नव्हती, सैल होता तो ब्राचा खालचा पट्टा. सिलिकॉनचे वजन पेलायचे ते छातीखालच्या पट्ट्याने आणि थोडेसे खांद्यावरच्या बंदांनी. खिशाकडे फक्त ते सरकू न देण्याचे काम असते. त्यामुळे शिवणकामापेक्षा ब्राची निवड महत्त्वाची आहे, आणि आजही नवी ब्रा सुईदोऱ्याला लावण्याआधी मी ती घालून, आत सिलिकॉन ठेवून आरशासमोर एकदा वाकून नमस्कार करून पाहते. त्यात जी टिकली तीच शिवायला घेते.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर मात्र थांबा. जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारणपणे सहा ते आठ आठवडे, सिलिकॉन वापरू नये असे सांगतात, आणि रेडिएशन चालू असेल तर त्वचा सावरेपर्यंत आणखी थांबावे लागते. नेमके केव्हा ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तोपर्यंत सुती कापडात कापूस किंवा उशीतला फायबर भरलेला हलका स्तन चालतो. सुती धाग्याने विणलेले असे स्तन साईशा इंडिया फाउंडेशन ही संस्था विनामूल्य देते, आणि ते व्रणाला सिलिकॉनपेक्षा मऊ लागतात.

आता निवडीविषयी. दुकानदार पुढे टाकतो त्यांपैकी साचेबंद फोमच्या कपाच्या ब्रा बाजूला सारा, कारण फोम स्वतःचाच आकार धरून बसतो, सिलिकॉन आणि कप यांच्यात पोकळी राहते आणि ती ब्लाउजवरून दिसते. तारेची ब्राही नको. तार व्रणाला रुतते आणि सिलिकॉनच्या कडेवर सतत दाब देऊन त्याचे पातळ आवरण खराब करू शकते. आपल्या आया-मावश्या वापरत तशी पूर्ण कपाची, सुती होजिअरीची, मागे दोन किंवा तीन हुकांची साधी ब्रा या कामाला सर्वांत चांगली, फक्त तिचे बंद रुंद असावेत, काखेखालची बाजू उंच असावी आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला चिकटून बसणारा असावा, नाहीतर तुमच्या मापाचे सिलिकॉन मध्यभागी सरकत राहते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या अरुंद बंदाने खांद्यावर वळ पडणे किंवा काखेत कड रुतणे चांगले नाही, कारण त्या हाताला सूज येण्याची शक्यता आयुष्यभर राहते. बंद खूप ताणणारा असेल तर मी त्या बाजूपुरता तो काढून जुन्या ब्राचा कमी ताणणारा, रुंद बंद लावते. मापाचे म्हणाल तर पट्टा छातीखाली टेप धरून मोजा आणि नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसते ना ते पाहा, म्हणजे कापड पुढे सैल पडले की आतले हुक हाताशी उरतात.

खिशासाठी सुती होजिअरीचे, म्हणजे बनियनचे, मऊ कापड लागते. इतवारीत आणि गांधीबागेत ते मीटरवर मिळते, आणि न मिळाल्यास यजमानांच्या नव्या बनियनची पाठ कापावी. मी पहिले दोन खिसे तसेच केले. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर गेला की सिलिकॉनच्या मागे घामाची धार लागते, आणि मध्ये सुती कापड असले तर निदान पुरळ उठत नाही. नायलॉनची लेस दिसायला सुंदर असते, पण ती आपल्या उन्हाळ्यासाठी नव्हे.

खिसा बेतण्याची माझी रीत अशी आहे. ब्रा उलटी करून तिचा तो कप स्वयंपाकघरातल्या पालथ्या घातलेल्या वाडग्यावर चढवायचा, त्यावर होजिअरीचा तुकडा न ताणता टाकायचा, ताण आडव्या दिशेला येईल असा ठेवायचा आणि कपाच्या कडेकडेने खडूने रेघ मारायची. वाडगा तुमच्या सिलिकॉनएवढा फुगीर हवा; माझ्याकडे कढी वाढायचा एक आहे तो तंतोतंत जमतो. रेघेबाहेर एक सेंटीमीटर कापड ठेवून कापावे. काखेकडची कड आधीच दुमडून शिवून घ्यावी, कारण खिशाचे तोंड तिकडेच राहणार आहे. तोंड वरच्या बाजूला ठेवण्याचा मोह होतो, पण मग वाकल्यावर सिलिकॉन गळ्यातून बाहेर डोकावते. काखेकडचे तोंड दहा-बारा सेंटीमीटर पुरते. सिलिकॉन पानासारखे हलके दुमडून आत सरकवले की आत गेल्यावर ते आपोआप उघडते.

शिवताना सिलिकॉन ब्रामध्ये ठेवून टाचण्या लावू नका, हे मी हात जोडून सांगते. एका टाचणीच्या टोकाने ते चिरले की जेल चिकचिकत बाहेर येते आणि मग चिकटपट्टी लावून किती दिवस ढकलणार? मापासाठी आत ठेवा, काढा, आणि मग टाचण्या लावा. आधी कच्चा धावदोरा घालावा, नंतर पक्की टीप खालच्या पट्ट्याच्या इलॅस्टिकवर, मधल्या जोडावर आणि गळ्याकडच्या कडेवर, म्हणजे जिथे आधीच शिवण आहे तिथेच, मारावी. कपाच्या दर्शनी कापडातून टीप नेऊ नये. माझ्या पहिल्या ब्राला मी हौसेने गोल टीप मारली होती. कप सुरकुतला आणि पातळ व्हॉइलच्या कुर्त्यातून एक वर्तुळ दिवसभर दिसत राहिले.

होजिअरीवर सरळ टीप टिकत नाही, कारण कापड ताणते आणि दोरा ताणत नाही. झिगझॅग टीप हवी, आणि माझ्या घरच्या पायमशीनवर ती येत नाही. त्याचा उपाय गल्लीतच निघाला: साडीला पिको-फॉल करणाऱ्या बाईंकडे झिगझॅग मारणारे मशीन असतेच. पहिल्यांदा मी कागदात गुंडाळून ब्रा नेली आणि काय सांगावे या विचारात उभी राहिले, तर त्या म्हणाल्या, ‘काऊन नाही होणार ताई, आणून द्या, मारून देतो.’ धावदोरा तुम्ही घातलेला असला की त्यांना दहा मिनिटांचेही काम नसते. त्यांना एवढेच सांगा की सुई बारीक, अकरा नंबरची, जमल्यास होजिअरीची लावा, आणि इलॅस्टिकवरून जाताना पट्टा हलका ताणून धरा. हातानेच शिवायचे असेल तर बारीक उलटा टाका घालून दर दोन-तीन बोटांवर दोरा किंचित सैल सोडावा.

सिलिकॉन न परवडणाऱ्या मैत्रिणीसाठी मी फायबर भरलेला स्तन शिवून दिला, तेव्हा अडचण उलटी आली: तो इतका हलका होता की ब्रा त्या बाजूने वर चढे. मग तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशी मोहरीची एक लहान पिशवी करून ती स्तनाच्या तळाशी वेगळ्या अस्तरात ठेवली, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून, आरशात दोन्ही बंद सारखे दिसेपर्यंत मोहरी कमी-जास्त केली. धुण्याआधी ती पिशवी काढावीच लागते, नाहीतर ओल्या मोहरीला मोड येतील.

तुमचा कृत्रिम स्तन त्रिकोणी आहे की काखेकडे शेपूट असलेला, हेही एकदा पाहून घ्या. त्रिकोणी कोणत्याही बाजूला चालतो. शेपटाचा मात्र डावा-उजवा ठरलेला असतो. बार्बी बाहुली घडवणाऱ्या रूथ हँडलर यांचा एक स्तन 1970 मध्ये काढावा लागला, आणि बाजारातले कृत्रिम स्तन पाहून वैतागल्यावर त्यांनी स्वतःच ते तयार करून विकायला सुरुवात केली. चपलांप्रमाणे स्तनही डावा-उजवा वेगळा असावा, हा त्यांचा आग्रह होता. शेपटाच्या स्तनासाठी खिसा काखेकडे दोन बोटे लांब कापावा. आणि साडी नेसत असाल तर पदराची सेफ्टी पिन खांद्याच्या शिवणीवरच लावा. तुमची डावी बाजू आहे, म्हणजे पदर नेमका त्याच बाजूला येतो, आणि घाईत छातीवर घुसवलेली पिन ब्लाउज, ब्रा, खिसा ओलांडून थेट सिलिकॉनमध्ये जाते.

पोहण्याच्या पोशाखाचे तत्त्व तेच, कापड मात्र पूर्ण वेगळे. मी पहिल्या दिवशी सुती खिसा आणि कापूस भरलेला स्तन घेऊन महिलांच्या सकाळच्या बॅचला गेले. पाण्यात सगळे ठीक वाटले. शिडी चढून वर आले तेव्हा ती बाजू पाणी पिऊन बेंबीपर्यंत उतरली होती आणि पोशाखातून धार लागली होती. सुती कापड, कापूस, स्पंज यांतले काहीच पाण्यात चालत नाही. खिसा पोशाखाच्या अस्तरासारख्या नायलॉन-लायक्राचा करावा, दोरा पॉलिस्टरचा घ्यावा आणि खिशाचा खालचा चतकोर भाग जाळीच्या कापडाचा लावावा, म्हणजे पाणी लगेच निथळते. आपल्याकडे मिळतो तो गुडघ्यापर्यंतचा, झालरीचा आणि बंद गळ्याचा पोशाख या कामाला फारच सोयीचा आहे, कारण गळा उंच असल्याने पाठीवर पोहताना स्तन मानेकडे सरकला तरी झाकलेला राहतो. घेताना आत छातीचे अस्तर आहे का आणि त्याच्या खाली इलॅस्टिक आहे का, ते पोशाख उलटून पाहा. अस्तर असेल तर अर्धे काम झालेलेच असते: त्याची खालची कड इलॅस्टिकसकट पोशाखाच्या आतल्या शिवणींना टाचून, मध्ये उभी टीप अस्तरापुरतीच मारून दोन कप्पे करायचे आणि काखेकडे तोंड ठेवायचे. इलॅस्टिक नसेल तर दोन सेंटीमीटर रुंदीचे आधी लावा, त्याशिवाय खिसा शिवू नका. पाण्यात तोंड उघडे राहू नये म्हणून एक प्लॅस्टिकचे टिचबटण लावावे. लोखंडी लावले तर महिन्यात गंजते. लांब बाहीच्या पोशाखात काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या बाहीचे इलॅस्टिक उसवून टाका.

आत काय ठेवायचे, हे खिशाइतकेच महत्त्वाचे आहे. सिलिकॉन साधारण पाण्याच्याच घनतेचे असल्याने ते फार वर ओढत नाही आणि खालीही नेत नाही. ज्यात हवेचे सूक्ष्म फुगे मिसळलेले असतात ते हलक्या जातीचे सिलिकॉन मात्र वर ओढ घेते. पोहण्यासाठीचे मागून पोकळ, पारदर्शक स्तन मिळतात, पण ते घेण्याइतके तुम्ही नियमित पोहणार नसाल तर जुना, रोजच्या वापरातून बाद झालेला सिलिकॉनचा स्तन ठेवून द्यावा. मी दोन वर्षे आंघोळीचा नायलॉनच्या जाळीचा गोंडा सोडून, तो घट्ट गुंडाळून लायक्राच्या पिशवीत शिवून वापरला. तो पाणी धरत नाही आणि चाळीस-पन्नास रुपयांत होतो. आकार थोडा उन्नीस-बीस दिसतो, पण तलावात कोण निरखून पाहते?

तलावावर जाण्याआधी पोशाख घालून घरच्या न्हाणीघरात अंगावर दोन बादल्या पाणी ओता, हात वर करा, तीन उड्या मारा, वाका. पाण्यात उतरताना छातीवर हात दाबून खिशातली हवा काढून टाका, नाहीतर फुगा तयार होतो. पोहून आल्यावर सिलिकॉन आणि पोशाख दोन्ही लगेच साध्या पाण्याने धुवा, कारण तलावातल्या क्लोरीनने लायक्रा लवकर सैल पडते. सिलिकॉन साध्या साबणाने धुऊन टॉवेलने टिपून त्याच्या डब्यात ठेवा, आणि पोशाख सावलीतच वाळवा. आमच्या गच्चीवरच्या एप्रिलच्या उन्हात विसरलेल्या पोशाखाचे इलॅस्टिक मला पुढच्याच महिन्यात पुन्हा लावावे लागले होते.