"भाऊसाहेब, ढकलू का?"

"मॅडम, तिशी उलटली, आता कुठं गाडी शिकायची?" मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडं नाना तोंडून येतो. आडगावी बदली झालेली परिचारिका विचारते, मुलाच्या शाळेसाठी रिक्षावर अवलंबून असलेली आई विचारते. पुरुषही विचारतात, पण भेट संपता संपता. झोप लागत नाही, पित्त उसळतं, साहेब त्रास देतात, हे सगळं सांगून झाल्यावर मान खाली घालून. आपल्याकडं मुलगा बारावीत गेला की त्याला मोटरसायकल येते असं धरूनच चालतात. ज्याला येत नाही, तो वर्षानुवर्षं ते लपवत राहतो. हे इतक्यांदा ऐकलं, की एका ग्रामसेवकांची गोष्ट लिहावीशी वाटली. त्यांनी लिहायला होकार दिला आहे, ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात त्यांच्याकडं दोन गावांचा कारभार. एसटी दिवसातून मोजक्या वेळा. त्यामुळं शिपायाच्या गाडीवर मागं बसून जायचं, तो रजेवर असला की काहीतरी कारण काढून दुसरं गाव टाळायचं. घरी स्प्लेंडर उभी होती. सायकल लहानपणापासून येत होती, म्हणजे तोल सांभाळायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या भेटीत त्यांनी भीती सांगितली ती अपघाताची. आंधळी वळणं, उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात निसरडा होणारा रस्ता. यातलं काहीच खोटं नव्हतं. मी विचारलं, "गाडीवरून कधी पडलात?"

"नाही."

"शिपायाच्या मागं बसून याच रस्त्यानं जाता, तेव्हा छातीत धडधडतं?"

ते जरा थांबले. "नाही. उलट डुलकी लागते."

रस्ता तोच, वळणं तीच, आणि मागं बसणाऱ्याच्या हातात तर ब्रेकही नसतो. तिथं डुलकी लागते आणि शाळेच्या मोकळ्या मैदानात घाम फुटतो, म्हणजे भीती रस्त्याची नाही. गाडी शिकताना घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी हा फरक आधी तपासायला सांगते. पडण्याची भीती असेल तर उपाय एक, चुकताना चारचौघांना दिसण्याची भीती असेल तर वेगळा. बहुतेकांना दुसरीच असते आणि ते इलाज करत बसतात पहिलीवर.

गाडी शेवटची हातात घेतली त्या संध्याकाळचं त्यांनी पुढच्या भेटीत सांगितलं. मेहुणा शिकवत होता. क्लच झटक्यात सुटला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. पारावरून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, ढकलू का?" त्यानंतर त्यांनी किल्लीला हात लावला नव्हता.

"तो काय म्हणाला?"

"याला गाडी चालवता येत नाही, हा गाव काय चालवणार."

"असं म्हणाला तो?"

"नाही... ढकलू का म्हणाला."

"मग गावाचं वाक्य कुणाचं?"

बराच वेळ ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडं बघत राहिले. "माझंच असणार," असं पुटपुटले.

पुष्कळ जण इथंच थांबतात. बघा, कुणी तुम्हाला हसलंच नव्हतं, असं सांगून माणसाला घरी पाठवतात. त्याला बरं वाटतं, पण ते बरं वाटणं पुढच्या खऱ्या हसण्यापर्यंतच टिकतं. गावात कुणी ना कुणी हसणारच. म्हणून मी आणखी एक पाऊल टाकते.

"समजा, तो खरंच तसं म्हणाला. भर पारावर, चारचौघांत. मग?"

त्यांचा चेहरा उतरला. मी घाई केली नाही. मग ते एकेक शब्द जोखत बोलू लागले. "मग... मला गाडी येत नाही, हे खरंच आहे. पण गाव चालवता येत नाही हे खोटं आहे. घरपट्टीची वसुली मी केली, लेखापरीक्षण नीट पार पडलं, ग्रामसभेत भांडणं होऊ दिली नाहीत." आणि एकदम वर बघून म्हणाले, "मॅडम, तो म्हणाला तरी ते खोटंच राहतंय की!"

या एका वाक्यासाठी मी हे काम करते. लोक हसणार नाहीत असा दिलासा त्यांना मिळाला नव्हता. हसले तरी आपली किंमत कमी होत नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकू आलं होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे आपलेच समज तपासून बदलायची रीत, माझ्या कामाचा पाया आहे. स्वतः एलिस तरुणपणी बायकांशी बोलायला अतिशय बुजत. एकोणिसाव्या वर्षी ते ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायला लागले आणि महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. त्यातून जमलेली एकमेव भेटसुद्धा प्रत्यक्षात झाली नाही, ती बाई आलीच नाही. नकार पचतो, हे मात्र त्यांना कळून चुकलं. ज्याची लाज वाटते ते मुद्दाम करून बघायचं, हा त्यांचा मार्ग मला आजही सगळ्यात खरा वाटतो.

म्हणून मी ग्रामसेवकांना गृहपाठ दिला. शाळेच्या त्याच मैदानात, पोरं खेळत असतानाच जायचं आणि गाडी मुद्दाम दहा वेळा बंद पाडायची.

"मुद्दाम?" त्यांना राग आल्यासारखा वाटला. "शिकायला आलोय मी."

"हेच शिकायचंय. समोर मोकळी जागा, हेल्मेट डोक्यात, हँडल सरळ, दोन्ही पाय जमिनीवर, पहिला गिअर. ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही. नुसता क्लच सोडायचा."

पुढच्या आठवड्यात ते आले ते खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले. पहिल्या काही वेळा गाडी हिसका देऊन बंद पडली. पोरं हसली. एक जण जवळ येऊन "काका, हळू सोडा" असंही सांगून गेला. मग हिसका नको म्हणून त्यांनी क्लच सावकाश सोडून गाडी बंद पाडायचा प्रयत्न केला. "आणि मॅडम, ती बंदच पडेना. जरा थरथरली, ओढ घेतली आणि आपली आपण चालायलाच लागली!"

या गृहपाठावर माझा जीव आहे तो यासाठी. तो मनावरची लाज उतरवतो आणि त्याच वेळी हाताला हाफ क्लच, म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, शिकवतो. गाडी जिथं ओढ घेते ती जागा बोटांना एकदा सापडली की अर्धं शिकून झालं. सपाट जमिनीवर अशी हलकी गाडी ॲक्सिलरेटर न देताही माणसाच्या चालीनं जाते. नवशिक्यानं पहिले काही दिवस एवढंच करावं. चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

घाबरलेला माणूस मुठी आवळतो, हेही शिकणाऱ्यानं आणि शिकवणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. उजवी मूठ आवळताना मनगट खाली गेलं की ॲक्सिलरेटर पिळला जातो, गाडी उसळते आणि मूठ आणखी घट्ट होते. म्हणून उजवं मनगट हाताच्या रेषेत सरळ हवं. डाव्या हाताची बोटं मात्र सुरुवातीला क्लचवरच असू द्या. तिथं मूठ आवळली तर क्लच दाबला जातो आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. गोंधळ उडाला की आधी क्लच, मग ब्रेक. नजर खड्ड्यावर खिळली तर गाडी खड्ड्यातच जाते, तेव्हा जायचंय तिकडं बघा. पुढचा ब्रेक घाबरून टाळू नका, गाडी थांबवण्याचं मोठं काम तोच करतो. फक्त हँडल वळलेलं असताना किंवा वाळू-खडीवर तो करकचून दाबू नका.

शिकवणारा कोण, यावर फार अवलंबून असतं. नवरा, भाऊ, मेहुणा यांचा जीव गाडीत अडकलेला असतो आणि धावत्या गाडीमागून "अरे क्लच, क्लच!" असा ओरडा सुरू होतो. सूचना गाडी उभी असताना द्याव्यात आणि एका वेळी एकच. हे जमणार नसेल तर ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे भरावेत. ग्रामसेवकांनी मेहुण्याला हे स्पष्ट सांगितलं. मला विचाराल तर त्यांच्यासाठी ते मैदानापेक्षा अवघड होतं.

पुढं शिकाऊ परवाना निघाला, एल लावून ते सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर आले, चढावर मागचा ब्रेक धरून गाडी काढायला शिकले. आरटीओच्या आठच्या आकड्यात एकदा पाय टेकला, दुसऱ्या खेपेला जमलं. आता ते दोन्ही गावं स्वतःच्या गाडीवर करतात. पाऊस लागला की घाटात अजूनही त्यांना धाकधूक वाटते, वेग कमी होतो. ती धाकधूक घालवायचा मी प्रयत्नही केला नाही. ती त्यांच्या हेल्मेटइतकीच कामाची आहे.

ज्यांनी खरोखरच मोठा अपघात पाहिला किंवा सोसला आहे, ज्यांना रात्री तोच आवाज ऐकू येऊन जाग येते, जे त्या रस्त्यानं जायचंच टाळतात, त्यांनी मात्र हा गृहपाठ करू नये. त्यांच्या घरच्यांनीही "बस की एकदा गाडीवर, जाईल भीती" असा आग्रह धरू नये. आधी मनोविकारतज्ज्ञांना किंवा अशा आघातांवर काम करणाऱ्या समुपदेशकांना भेटावं. गाडी शिकणं काही महिने मागं पडलं तरी चालेल.