मिशीचा प्रश्न

प्रिय सई,

शनिवारी आपण 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघत होतो, तेव्हा तू मध्येच विचारलंस, "बाबा, ही माणसं साडी नेसतायत, मग मिशी काढायला एवढी का कुरकुरतायत?" मी "पुढे बघ" म्हणालो आणि पॉपकॉर्न आणायला उठलो. वाडगा भरलेलाच होता, हे तुझ्या लक्षात आलं असणारच.

तर ऐक. आपल्याकडे वडील गेले की मुलगा क्षौर करतो, म्हणजे डोकं आणि मिशी भादरून घेतो. त्यामुळे पूर्वी सफाचट ओठांचा माणूस दिसला की लोक काय ते समजायचे. बाप घरात धडधाकट असताना मिशी उतरवायची म्हणजे त्याचं वाईट चिंतण्यासारखंच. 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती करायला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! सिनेमात काम करतो हे सांगायचीही चोरी, म्हणून विचारलं तर 'फॅक्टरीत आहे' म्हणायचं. त्यावरूनच परेश मोकाशींच्या सिनेमाचं हे नाव. ३ मे १९१३ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमळाबाई कॅमेऱ्यासमोर आल्यासुद्धा.

मला सिनेमा फार आवडला. घरातलं एकेक सामान विकलं जातंय, डोळे जायची वेळ आली, तरी नंदू माधवांचे फाळके रडगाणं गात नाहीत. विलायतेचा भाग मात्र जरा झटपट उरकलाय. फाळके १९१२ साली कॅमेरा घ्यायला इथे इंग्लंडला आले होते ना, तेव्हा सेसिल हेपवर्थ या इंग्रज सिनेमावाल्याचा स्टुडिओ बघायला ते वॉल्टन-ऑन-थेम्सला गेले होते. आपण बदकं बघायला जातो तेच वॉल्टन! तिथे उभं राहून मला दर वेळी वाटतं, इथल्या गारठ्यात त्या माणसाने काय खाल्लं असेल?

आता पॉपकॉर्नचं. आजोबा गेले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तू आणि आई इथेच होतात, मी एकटा नाशिकला गेलो. दहाव्याला गोदावरीच्या काठी न्हाव्यासमोर बसलो. त्याने काही विचारलं नाही. पाण्याचा हात ओठांवर फिरवला, वस्तरा दोनदा ओढला, झालं. कॉलेजपासूनची मिशी समोरच्या ओल्या वर्तमानपत्रावर पडली. तिथे गार वारं लागलं, तेव्हा कुठे मला आजोबा गेल्यासारखं वाटलं. माझ्या एका चुलतभावाने नुसती कात्री लावून घेतली. त्याला दोन दिवसांनी ऑफिसला जायचं होतं आणि कुणी त्याला बोल लावला नाही. हल्ली निम्मे पुरुष मिशी ठेवतच नाहीत, कुणाला काय कळणार!

परत आलो तर पासपोर्ट बघणाऱ्याने दोनदा फोटोकडे आणि दोनदा माझ्याकडे पाहिलं. घरी तू दारापर्यंत धावत आलीस आणि तशीच मागे फिरून आईच्या ओढणीत शिरलीस. मिशी पुन्हा नीट यायला महिना लागला. तोवर तू मला 'काका' म्हणत होतीस.

तुझा,
बाबा