कॅम्पिंगसाठी फोल्डिंग चाकू: आधी लॉक बघा, मग बाकीचं

तुम्ही विचारलंय की गोव्यात पावसाळ्यातही सोबत नेता येईल असा फोल्डिंग चाकू कुठला घ्यावा, आणि पातं मोठं, करवतीच्या दातांचं बरं की लहान, साधं. लहान, साधं. आठ-नऊ सेंटिमीटर पुष्कळ झालं. आणि उघडं पातं मिटू न देणारं लॉक पक्कं हवं, बाकी सगळं त्यानंतर.

मोठ्या पात्यावरून माझा आणि आमच्या दादाचा जुना वाद आहे. दादा म्हणजे चुलतभाऊ. घर गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, रान दारातच, त्यामुळे कोयता दोघांच्याही हातात लहानपणापासून. तरी त्याने कुठूनसा एक काळा, जाडजूड फोल्डिंग चाकू आणला. पात्याला दात, मुठीत होकायंत्र, वर काच फोडायचं टोक. माझ्या खिशातल्या चाकूला तो 'आंबे कापायचा चाकू' म्हणायचा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर आम्ही काही जण आमच्याच काजूच्या बागायतीच्या वर, डोंगरावरच्या सपाटीत राहायला गेलो. ताडपत्री ताणायला मेखा हव्या होत्या. कोयता सामानात होता, पण दादाला नव्या चाकूचं काम दाखवायचं होतं. त्याने ओल्या बांबूवर पातं टेकवलं आणि वरून दगडाने ठोकायला सुरुवात केली. काही ठोके बसले, मग लॉक सरकलं आणि पातं मिटलं ते थेट त्याच्या तर्जनीवर. जखम आतपर्यंत गेली होती. पंचाने बोट आवळून धरलं, हात वर ठेवायला लावला आणि तसंच काळोखातून खाली उतरून वाळपईच्या इस्पितळात नेलं. टाके पडले. ते बोट अजून पूर्ण वाकत नाही.

दादा आजही सांगतो, बांबू ओला होता, हात निसटला. नाही. तो चाकू मी दुसऱ्या दिवशी उजेडात धरून पाहिला. पातं उघडल्यावर आतला पातळ पत्रा पात्याच्या टाचेमागे, म्हणजे मुठीकडच्या टोकामागे, येऊन अडतो, त्याला लायनर लॉक म्हणतात. त्याच्या चाकूत तो पत्रा टाचेच्या अगदी कडेला जेमतेम टेकत होता. बोटाने जरा दाबलं की मागे जायचा. शिवाय उघडं पातं वर-खाली डुगडुगत होतं. असा सांधा साधी दोरी कापतानाही दगा देईल. आणि सांधा कितीही चांगला असो, फोल्डिंग चाकूवर ठोकायचं नसतं. लाकूड फोडायला कोयता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोहाराच्या हातचा मिळतो, तो घ्या.

दुकानात चाकू हातात घेतलात की पातं उघडून खालून बघा, पत्रा टाचेमागे नीट आत आलाय का. पातं हलवून बघा. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची बोथट पाठ लाकडावर हलकेच आपटा. लॉक सुटलं तर चाकू परत द्या, किंमत विचारूच नका.

पोलाद स्टेनलेसच. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कार्बन स्टीलला सोसत नाही. काणकोणच्या किनाऱ्यावर एक रात्र काढली की सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. कोकम, कैरी कापली की काळं पडतं ते वेगळंच. डी-२ हे पोलाद लोक स्टेनलेस समजून घेतात, ते पूर्ण स्टेनलेस नाही. दात असलेलं पातं दोरखंडाला चालतं, पण घरच्या दगडावर त्याला धार लावणं जिकिरीचं.

माझा चाकू ओपिनेल, आठ नंबर, स्टेनलेसचा. फ्रान्सच्या सावोयमध्ये १८९० पासून बनतात हे. मुठीच्या वरच्या टोकाची, मानेवरची कडी फिरवली की पातं अडकतं. ही कडी १९५५ साली आली. माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या मंडपीचं, सामान आणायला रानात जातो तेव्हा दोरीसाठी केवणीच्या झुडपाची साल सोलण्यापासून रात्रीचा कांदा चिरण्यापर्यंत सगळं त्यावरच होतं. फणसाचा चीक लागला तर खोबरेल तेलाने पुसायचा, गंजालाही तेच तेल. एक अडचण आहे: मूठ लाकडी, पावसात फुगते आणि पातं बाहेर येईना होतं. मग मुठीचा मागचा भाग लाकडावर ठोकला की पात्याचं टोक वर येतं. हे नको असेल तर प्लॅस्टिकच्या मुठीचा घ्या. व्हिक्टोरिनॉक्सही चांगला, पण त्यांच्या नेहमीच्या ९१ मिलिमीटरवाल्यांना लॉक नसतं, १११ वाल्यांना असतं.

हे आधीच सांगायला हवं होतं: अभयारण्यात चाकू नेणं कायद्यात बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत चाकू आहे, आणि हत्यार घेऊन आत जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी लेखी परवानगी लागते. म्हादई, नेत्रावळी, मोले, खोतीगाव, सगळीकडे हेच. नाक्यावर विचारा, लपवून नेऊ नका. विमानाने येणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि ज्यांना मोठ्या पात्याचा सोस आहे त्यांच्यासाठी: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं, घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर, शस्त्र कायद्याखालच्या शस्त्रांच्या यादीत येतं. हे मी दादालाही छापील दाखवलंय.