मायक्रोवेव्हमध्ये दाणे भाजताना

अगं, कढई काढूच नकोस. उपासाच्या खिचडीला वाटीभर कूट हवं, त्यासाठी मुंबईच्या उकाड्यात गॅसपाशी पंधरा मिनिटं कोण उभं राहणार!

पसरट काचेच्या ताटलीत वाटीभर दाणे एका थरात पसर. ढीग केलास तर काही करपतात, काही कच्चे राहतात. झाकण नको, वाफ बाहेर जाऊ दे. फुल पॉवरवर आधी दोन मिनिटं, मग हलवून एक मिनिट, पुन्हा हलवून तीस-तीस सेकंद. एवढंच. प्रत्येकाचा मायक्रोवेव्ह वेगळा, त्यामुळे घड्याळापेक्षा नाकावर विश्वास ठेव. खमंग वास सुटला की बंद.

आणि इथेच सगळे फसतात. गरम दाणा चावून बघितला तर मऊच लागतो, म्हणून आपण अजून एक मिनिट लावतो. मीही लावलं होतं. वरून छान गुलाबी, फोडला तर आत काळा. दोन दिवस घरात जळका वास. दाण्यात तेल भरपूर, त्यामुळे बाहेर काढल्यावरही तो आतून भाजत राहतो. लगेच गार ताटात काढ. दहा मिनिटांनी चोळून बघ, साल सुटलं आणि दाणा कडक वाजला की झालं.

काजू-बदामाला वेळ कमी. मिनिटानंतर नजर हटवू नकोस. पावसाळ्यात सादळलेले दाणेही मिनिटभरात कुरकुरीत होतात. डब्यात मात्र पूर्ण गार झाल्यावरच भर.